वाचनाचे सोंग आणि खरेपणाचा पाठ

बहुतेक प्राथमिक शाळांत फळ्याच्या वरच्या बाजूला रोज एक सुविचार लिहिलेला असतो. 'नेहमी खरे बोलावे' हा त्यांतला फार जुना. परिपाठ आटोपतो, मुले वर्गात बसतात आणि त्याच फळ्यासमोर भाषेचा तास सुरू होतो. बाई एक ओळ वाचतात, वर्ग ती एका सुरात म्हणतो. नीट कान दिला तर त्या चाळीस आवाजांत काही आवाज असे सापडतात, की जे इतरांच्या मागून अर्ध्या अक्षराने येतात. त्या मुलांचे बोट ओळीवरून सरकत असते, ओठ हलत असतात, पानही वेळेवर उलटले जाते. वाचन मात्र होत नसते.

ही मुले खोटे बोलत आहेत का? तोंडाने नाही. पण 'मला येते' असे ती बोटाने आणि ओठांनी दिवसातून अनेकदा सांगतात आणि ते खरे नसते. कोणा वाईट मुलाच्या संगतीने त्यांना हे शिकवलेले नाही. वर्गात टिकून राहायचे, हसे होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी त्यांनी ही युक्ती स्वतःच शोधलेली असते. भाषा, साक्षरता आणि चारित्र्य यांना आपण वेळापत्रकात वेगवेगळे खण दिले आहेत. मुलाच्या अनुभवात मात्र ते एकाच तासात घडतात. वाचन कसे शिकवले जाते यावर मूल खरेपणा शिकते की सोंग शिकते हे बरेचसे ठरते, असे आम्हाला वाटते. या वाटण्याला आधार काय, ते आता पाहू.

पाठ बाराखडी, अनोळखी अक्षर

सोंग इतके सहज का साधते हे समजण्यासाठी आपल्या लिपीकडे पाहावे लागते. देवनागरीत चिन्ह आणि ध्वनी यांचे नाते बरेच सरळ आहे, हा मोठाच फायदा. पण चिन्हांची संख्या थोडी नाही. व्यंजने आणि बाराखडीचे बारा खण यांचा गुणाकारच चारशेच्या घरात जातो, जोडाक्षरे आणखी वेगळी. हे ओझे हलके करण्यासाठी आपण त्याला चाल लावली. क, का, कि, की हे मुलाला गाण्यासारखे पाठ होते. तक्त्यावर छडी फिरत असते, तिच्या गतीने गाणे पुढे सरकते आणि पाहणाऱ्याला वाटते, मूल वाचते आहे.

हे तपासायला फार सोपा उपाय आहे. बाराखडीच्या मधल्याच एका खणावर, समजा 'कु' वर, बोट ठेवावे. काही मुले थबकतात, ओठांतल्या ओठांत 'क, का, कि, की' म्हणत तिथवर येतात आणि मग मोठ्याने 'कु' म्हणतात. त्यांनी अक्षर ओळखलेले नसते, पायऱ्या मोजलेल्या असतात. ओळ उलटी म्हणायला सांगितली तर फरक आणखी स्पष्ट होतो.

पुढे अडचणी वाढतात. 'कि' मधली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. 'र' तर बहुरूपीच आहे. 'सूर्य', 'प्रकाश', 'ट्रक' आणि 'कैऱ्या' या चार शब्दांत तो चार वेशांत येतो. 'करवत' हा शब्द घ्या. चार अक्षरे, काना नाही, मात्रा नाही, म्हणजे पहिलीच्या दृष्टीने सोपा. पण आपण तो 'क-र-व-त' असा म्हणत नाही, 'कर्-वत्' असा म्हणतो. कुठला 'अ' गिळायचा आणि कुठला ठेवायचा हे अक्षरावर लिहिलेले नसते. ज्याने करवत पाहिली आहे, तिचे नाव ऐकले आहे, त्याच्या जिभेवर तुकडे नीट पडतात. ज्याला शब्द ठाऊक नाही ते मूल चारही अक्षरे बरोबर ओळखूनही शब्दाशी पोचत नाही.

'चार गाईंना चारा घातला' या वाक्यात तर आणखी गंमत आहे. 'चार' मधला 'च' आणि 'चारा' मधला 'च' लिहायला एक, म्हणायला दोन. 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' यांचेही तसेच. कुठला उच्चार करायचा हे शब्द कळल्यावरच ठरते. म्हणजे अगदी उच्चारापर्यंतच्या वाचनातसुद्धा अर्थ आधीच येऊन बसलेला असतो. (घरच्या बोलीत हा भेद नसलेल्या मुलाचा उच्चार वेगळा येईल, ती चूक नव्हे. शिक्षकाला वर्गातल्या बोली ठाऊक असाव्यात त्या यासाठीच.)

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. लिपी उलगडण्याची क्षमता आणि ऐकून भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. गोष्ट ऐकून भराभर उत्तरे देणारे, पण अक्षर न येणारे मूल वाचू शकत नाही हे सगळ्यांना दिसते. दुसरे शून्य दिसत नाही. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल पुस्तकातले मराठी वाक्य खडखडीत वाचून दाखवू शकते आणि त्यातले काहीच त्याला कळलेले नसते, असे होऊ शकते. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, गोंडी द्राविड कुळातली. ही मराठीची रूपे नव्हेत. त्या मुलाला मराठी ऐकून, बोलून समजण्याचा अवसर मिळण्यापूर्वी मराठी वाचायला लावणे म्हणजे एका बाजूला शून्य ठेवून गुणाकार करायला सांगणे आहे.

मराठी घरांतली मुलेही यातून पूर्ण सुटत नाहीत. आपली शाळांतली प्रतिज्ञा मूळ तेलुगूत, १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली. तिच्या मराठी रूपात 'पाईक' असा एक शब्द आहे. चौथीच्या वर्गात त्याचा अर्थ विचारून पाहा. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, त्यावरून निष्ठेने सेवा करणारा. रोज सकाळी हात पुढे करून आपण जे वचन देतो त्यातला हा कळीचा शब्द आहे. अर्थ न कळता दिलेले वचन आणि अर्थ न कळता वाचलेली ओळ यांत मुलाच्या लेखी फारसा फरक नसतो.

कोणती चूक प्रामाणिक?

तीन मुलांना एकच वाक्य वाचायला दिले, असे समजू. 'आजीने चुलीवर भाकरी भाजली.' पहिले मूल वाचते, 'आजीने चुलीवर भाकरी केली.' दुसरे वाचते, 'आजीने चुलीवर भाकरी भागली.' तिसरे वाचते, 'भाकरी भाजी... भाज... भाजली.'

अक्षरे मोजून गुण दिले तर दुसरे मूल पहिल्याच्या पुढे जाईल. त्याने शेवटच्या शब्दातली तीनपैकी दोन अक्षरे बरोबर वाचली आहेत. पहिल्याने एकच. पण चुलीवर भाकरी 'भागत' नाही. दुसऱ्या मुलाने वाक्य तोंडातून बाहेर टाकले आणि ते निरर्थक आहे याची त्याला फिकीर वाटली नाही. पहिल्याने अक्षराकडे पुरते पाहिले नाही, तरी अर्थ हातचा सोडला नाही. आणि तिसरे? ते 'भाजी' म्हणून गेले, मनाशी म्हणाले की हे जुळत नाही, आणि मागे वळले. तिघांत खरा वाचक तोच आहे. पुष्कळ वर्गांत मात्र अडखळला म्हणून त्यालाच बसवले जाते.

वाचनातल्या चुकांकडे असे बारकाईने पाहण्याचा प्रघात अमेरिकेतील केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात पाडला. पुढे त्यांच्या काही अनुयायांनी मुलांनी अर्थावरून अंदाज करीत वाचावे, अक्षरांचा फार बाऊ करू नये, असा आग्रह धरला. तो पुढील संशोधनात टिकला नाही. पहिल्या मुलाला 'केली' वर सोडून चालणार नाही, त्याला 'भाजली' पर्यंत परत न्यायलाच हवे. अक्षराशी इमान आणि अर्थाशी इमान, दोन्ही लागतात. पण चूक ऐकताना आपण 'बरोबर-चूक' एवढेच ऐकतो की मूल कशाला धरून आहे हे ऐकतो, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

तिसऱ्या मुलाच्या त्या अडखळण्याला आम्ही चारित्र्याची पहिली खूण मानतो. 'मी म्हटले ते बरोबर नाही, पुन्हा पाहतो' हे ते कोणी न सांगता म्हणत असते. पुढे प्रयोगवहीत आलेला आकडा जुळत नाही म्हणून तो खोडून शेजाऱ्याचा लिहायचा की प्रयोग पुन्हा करायचा, हा प्रश्न आठवी-नववीत उभा राहतो. त्याची तालीम दुसरीत होऊन गेलेली असते.

अकरा हजार मुलांचा खरेपणा

चारित्र्य मोजता येते का? ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अमेरिकन संशोधकांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा खटाटोप केला. त्यांचा अहवाल १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सुमारे ११,००० शाळकरी मुलांवर त्यांनी चाचण्या घेतल्या. एक पद्धत सांगण्याजोगी आहे. मुलांना शब्दांचे अर्थ, वाक्ये पूर्ण करणे, गणित अशा चाचण्या दिल्या. कागद गोळा केले आणि मुलांना न सांगता प्रत्येकाच्या उत्तरांची नक्कल करून ठेवली. पुढच्या वेळी मूळ कागद आणि बरोबर उत्तरांची यादी मुलांच्या हाती देऊन सांगितले, आपला कागद आपणच तपासा. कोणी तपासता तपासता किती उत्तरे बदलली हे नकलेशी ताडून कळले. (मुलांचा खरेपणा मोजण्यासाठी संशोधकांनी आधी मुलांना फसवले, हे लक्षात येते. आज अशा प्रयोगाला सहजी परवानगी मिळणार नाही.)

निष्कर्षांनी तेव्हा खळबळ उडाली. मुलांचे 'प्रामाणिक' आणि 'लबाड' असे दोन गट पडले नाहीत. एका प्रसंगी फसवणारे मूल दुसऱ्या प्रसंगी सरळ वागे. वर्गातल्या चाचणीतला खरेपणा आणि खेळातला किंवा घरच्या अभ्यासातला खरेपणा यांचा परस्परसंबंध क्षीण निघाला. धार्मिक शाळेत जाणे किंवा सद्वर्तन शिकवणाऱ्या संघटनांचे सदस्य असणे, यांमुळे वागण्यात ठळक फरक पडल्याचे दिसले नाही. फरक पडत होता तो वर्गामुळे. एकाच वर्गातली मुले फसवणुकीच्या बाबतीत एकमेकांसारखी निघत आणि जिथे शिक्षक-विद्यार्थ्यांचे संबंध मोकळे होते तिथे फसवणूक कमी आढळली.

या निष्कर्षांना पुढे मुरड घातली गेली. रॉजर बर्टन यांनी १९६३ साली त्याच आकड्यांची पुन्हा छाननी केली तेव्हा प्रसंगापल्याड टिकणारा थोडासा समान धागा त्यांना सापडला. म्हणजे स्वभाव असे काही नसतेच, असे नाही. पण शिक्षकाच्या हाती मुलाचा स्वभाव नसतो, प्रसंग असतो. वाचनाचा तास हा रोज येणारा प्रसंग आहे.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २०१४ सालचा, आणि गोष्टींविषयीचा आहे. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात तो केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठमोरे बसवून, मागच्या खेळण्याचा आवाज ऐकून ते कोणते हे ओळखायला सांगितले. मग 'वळून पाहू नकोस हं' असे बजावून प्रयोग घेणारी व्यक्ती बाहेर गेली. लपवलेल्या कॅमेऱ्यात दिसत होते की बरीच मुले वळून पाहतात. परत आल्यावर त्या व्यक्तीने मुलाला एक गोष्ट वाचून दाखवली आणि नंतर विचारले, वळून पाहिलेस का? काही मुलांना 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ऐकवली होती, काहींना खोटे बोलले की नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची, काहींना ससा-कासवाची आणि काहींना चेरीचे झाड तोडल्याचे वडिलांजवळ कबूल करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची.

आपल्या सर्वांची आवडती लांडग्याची गोष्ट निरुपयोगी ठरली. ससा-कासवाच्या गोष्टीचा खरे बोलण्याशी संबंधच नाही, तिच्यापेक्षा लांडग्याच्या किंवा पिनोकिओच्या गोष्टीने खरे बोलणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. वाढले ते वॉशिंग्टनच्या गोष्टीने. त्या गोष्टीत खरे सांगितल्यावर वडील मुलाला जवळ घेतात. संशोधकांनी हीच गोष्ट बदलून, वॉशिंग्टन खोटे बोलतो आणि त्याचे वाईट फळ भोगतो अशी केली, तेव्हा तिचा परिणाम नाहीसा झाला. (चेरीच्या झाडाची हकीकत मुळात मेसन वीम्स या चरित्रकाराने रचलेली मानली जाते. खरे बोलायला शिकवणारी गोष्ट स्वतः खोटी!)

एका प्रयोगावर फार भार टाकू नये. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. खोट्याचा शेवट वाईट हे मुलाला ठाऊक असते, पण त्या ज्ञानाने ते खरे बोलायला धजत नाही. खरे बोललो तर काय होईल, याची त्याला खात्री हवी असते. 'बाई, मला ही ओळ वाचता येत नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला वर्गात काय मिळते? उभे राहणे मिळते, की मदत मिळते?

सोंगाची उतरंड

हा प्रश्न फक्त मुलांचा नाही, शिक्षकाच्याही वाट्याला येतो. इंग्लंडमध्ये १८६२ सालच्या नियमावलीने शाळांचे अनुदान तपासनीसाने घेतलेल्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेला बांधून टाकले. जितकी मुले उत्तीर्ण तितके पैसे. परिणाम असा झाला की मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते आणि त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात होती. तपासणीचा दिवस भागवण्यापुरते वाचन, ही सवय तेव्हापासूनची असावी.

आजही 'शंभर टक्के मुले वाचती' असा तक्ता भरून मागितला की वर्गातले मूल जे बोटाने करते तेच शिक्षकाला पेनाने करण्याचा मोह होतो. शिक्षकाने 'माझ्या वर्गात नऊ मुले अजून वाचत नाहीत' असे लिहिले तर त्याला नोटीस मिळेल की जादा पुस्तके आणि वेळ, हा प्रश्न मुलाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. शिक्षकाला खरे लिहिण्याची सोय नसेल तर मुलाला खरे बोलण्याची सोय तो कुठून देणार?

'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीत कार्यकर्ते घरोघर जाऊन एकेका मुलाला वाचायला देतात. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढीच ती चाचणी. पाचवीतली दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ साली ५०.५ टक्के होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती ४२.८ टक्क्यांवर आली. २०२४ च्या पाहणीत त्यात पुन्हा सुधारणा दिसली. आकड्यांइतकीच त्या चाचणीची रीत महत्त्वाची आहे. एका वेळी एकच मूल, शेजारी सूर धरणारे कोणी नाही, आणि न आले तर शिक्षा नाही.

वर्गात करता येण्याजोगे

समूहवाचन मुळीच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. कवितेला, गाण्याला ते हवेच, आणि बुजरे मूल त्यात मोकळे होते. ते वाचनाचा पुरावा मानू नये, एवढेच. रोज चार-पाच मुलांना जवळ बसवून, बाकी वर्ग लेखनात गुंतलेला असताना, प्रत्येकाकडून दोन-तीन ओळी हळू आवाजात वाचून घेतल्या तर चाळीसच्या वर्गात दीड-दोन आठवड्यांत सगळी मुले एकदा ऐकून होतात. ओळी पाठ्यपुस्तकातल्या नसाव्यात, कारण त्या पाठ झालेल्या असू शकतात. शिक्षकाने त्याच दिवशी कागदावर लिहिलेली वाक्ये उत्तम. उदाहरणार्थ, 'काल गण्याच्या शेळीला दोन करडे झाली.' अशा वाक्यात मुलाचे लक्ष अक्षरावरही राहते आणि शेळीवरही. मूल चुकले की लगेच शब्द पुरवू नये. वाक्य संपू द्यावे आणि 'हे जुळतंय का?' एवढेच विचारावे.

अक्षरांचा क्रमही बदलता येतो. क ते ज्ञ संपेपर्यंत शब्दासाठी थांबण्याऐवजी चार-पाच अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे यांचा छोटा गट घेतला तर पहिल्याच आठवड्यात खरे शब्द वाचता येतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अशा दिशेने पुष्कळ काम केले आहे. पहिल्या आठवड्यात 'मामा' आणि 'काका' स्वतः वाचलेल्या मुलाला वाचनाचे सोंग करण्याची गरज उरत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. सुविचाराच्या शेजारी फळ्याचा एक चौकोन 'न कळलेले शब्द' यासाठी राखून ठेवावा. पहिला शब्द शिक्षकाने स्वतःच लिहावा. शिक्षकालाही अडणारे शब्द पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात भरपूर असतात. तो शब्द मुलांदेखत कोशात शोधावा. पहिले काही दिवस चौकोन जवळपास रिकामा राहील. मग एखादे धीट मूल एक शब्द आणेल, आणि त्याच्यामागून बहुधा दुसरे. यादी वाढू लागली म्हणजे वर्गाचे अज्ञान वाढले, असे कोणी वरिष्ठ भेटीच्या वेळी म्हणाले तर त्यांना तारखा दाखवाव्यात. यादी महिनाअखेर कागदावर उतरवून भिंतीला लावावी, शब्दांचे अर्थ मुलांच्याच हस्ताक्षरात असावेत. शब्दापुढे तो कोणाला अडला, त्याचे नाव मात्र लिहू नये.